सीटबेल्टची खूण पेटल्यावर: मुंबई–कोलकाता विमानप्रवास

मे महिन्याच्या अखेरीस केलेल्या या प्रवासात विमान वेळेवर सुटले आणि उपमाही बरा होता. पण ही सेवा लक्षात राहिली ती केबिन क्रूच्या शिस्तीमुळे. सीटबेल्टची खूण पेटली आणि पाठोपाठ वैमानिकाची सूचना येताच त्यांनी चहा वाटणे अर्ध्यावर थांबवले, ट्रॉली मागे नेऊन अडकवली आणि स्वतःच्या आसनांवर खांद्यांचे पट्टे आवळून त्या बसल्या. पुढची दहा मिनिटे विमान घाटातल्या एसटीसारखे हादरत होते, आणि शेजारच्या काकांना आधीच मिळालेला चहा त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर सांडला.

चहा न मिळाल्याची काहींनी केलेली कुरकुर मला अनाठायी वाटली. लंडनहून सिंगापूरला निघालेल्या सिंगापूर एअरलाइन्सच्या विमानाला २१ मे २०२४ रोजी म्यानमारवर असाच, पण कितीतरी तीव्र तडाखा बसून एका प्रवाशाचा मृत्यू झाला, कित्येक जण जखमी झाले, आणि त्यानंतर त्या कंपनीने खूण पेटलेली असताना जेवण देणेही बंद केले. अशा वेळी उभ्याने काम करणाऱ्या क्रूला तर इजेचा धोका अधिकच असतो.

मूल्यांकनात एक तारा कापला तो घोषणेसाठी: इंग्रजी आणि हिंदीतली ती सूचना इतकी भरभर उरकली गेली की एक गृहस्थ निवांतपणे स्वच्छतागृहाकडे निघाले, आणि त्यांना परत बसवण्यासाठी क्रूमधल्या एका मुलीला त्या हादऱ्यांतच पट्टा सोडून उठावे लागले.