एका बर्नरची एलपीजी भट्टी: घडाईला उत्तम, पाणी द्यायला लंगडी

छंद म्हणून सुऱ्या घडवायला घेणाऱ्याची पहिली मोठी खरेदी हल्ली भट्टीचीच असते. ऑनलाइन बाजारात ती डझनभर नावांनी विकली जाते, पण घडण एकच: पत्र्याचं नळकांडं, आत पांढरं सिरॅमिक वूल, वरून खोचलेला एक बर्नर आणि दोन्ही टोकं उघडी. हे परीक्षण त्या घडणीचं आहे, एखाद्या छापाचं नाही. ही भट्टी घ्यायला हरकत नाही, मात्र खोक्यातून काढून तशीच पेटवायची नाही. विक्रेता अर्धी भट्टी देतो, उरलेली अर्धी घेणाऱ्याला करावी लागते.

सुरुवात आतल्या वुलपासून. ते सहसा २५ मिलिमीटर जाडीचं, १२६० अंश सेल्सिअसपर्यंत चालणारं असतं आणि उष्णता छान धरतं. अडचण ही की ते उघडं असतं. सांडशीचं टोक नुसतं लागलं तरी तंतू सुटतात, बर्नरच्या झोतासोबत बाहेर येतात आणि ते फुप्फुसात जाणं धोक्याचं आहे. शिवाय टाकणखार (लोखंड जोडताना वापरतात ते बोरॅक्स) सांडला की वूल बर्फासारखं विरघळत जातं. म्हणून पहिल्यांदा वुलावर कोलॉयडल सिलिका फवारून ते कडक करायचं, मग १५०० अंशांच्या वर टिकणाऱ्या रिफ्रॅक्टरी सिमेंटचा ५-६ मिलिमीटर थर हाताने लिंपायचा. तळाला हाय-ॲल्युमिना फरशी बसवली तर टाकणखार तिच्यावर पडतो. वूल कापताना ते ओलं करून घ्यावं, तोंडावर एन-९५ मास्क हवाच.

लिंपलेला थर किमान २४ तास सावलीत वाळवा, पावसाळ्यात दोन-तीन दिवस. मग एकदम मोठी आच नको: दहा मिनिटं बारीक ज्योत, बंद, गार, पुन्हा पेटव, असं तीन-चार वेळा. घाई केली की आतल्या पाण्याची वाफ होते आणि थर पापुद्र्यासारखा सुटून पडतो.

गॅसबद्दल जाहिराती बहुधा गप्प असतात. घरच्या शेगडीचा रेग्युलेटर ३० मिलिबार दाब देतो, त्यावर हा बर्नर नुसता फुसफुसतो. इथे ० ते २ बारचा, काटा असलेला हाय-प्रेशर रेग्युलेटर लागतो. घरगुती १४.२ किलोचा सिलिंडर स्वयंपाकासाठीच असतो. या कामाला १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर घ्या. बर्नर तासाला साधारण अर्धा ते एक किलो गॅस खातो, म्हणजे एक सिलिंडर साधारण एकोणीस ते अडतीस तास. ५ किलोचा छोटा सिलिंडर स्वस्त वाटतो, पण अर्ध्या-पाऊण तासात त्याच्यावर दव धरतं, मग बर्फ, आणि दाब उतरतो. द्रव गॅसची वाफ होताना तो सिलिंडरचीच उष्णता ओढून घेतो, आणि आपल्याकडच्या एलपीजीत ब्युटेनही भरपूर असल्याने दाब लवकर पडतो. सिलिंडर कोमट पाण्याच्या टबात ठेवला की चालतो. आच लावून तापवायचा नाही, हे सांगायची गरज पडू नये. बरेच विक्रेते सोबत साधी रबरी नळी देतात. ती बाजूला ठेवून पोलादी जाळीची नळी घ्या आणि सिलिंडर भट्टीपासून अडीच-तीन मीटर लांब उभा करा.

पेटवताना आधी पेटता कागद आत, मग गॅस. उलट केलं तर भपका तोंडावर येतो. बंद करताना सिलिंडरची चावी आधी फिरवा, नळीतला गॅस जळू द्या, मग रेग्युलेटर. विझल्यावर बर्नरची हवेची झडप लावून ठेवा, नाहीतर भट्टीतली गरम हवा बर्नरच्या नळीतून धुराड्यासारखी वर चढते आणि नळी हात लावता येणार नाही इतकी तापते. बंद खोलीत ही भट्टी कधीही नको: तोंडातून बाहेर येणाऱ्या पिवळ्या ज्योतीबरोबर कार्बन मोनॉक्साइडही येतो, आणि त्याला वास नसतो.

बर्नर हा या भट्टीचा सगळ्यात चांगला भाग आणि सगळ्यात निष्काळजीपणे बनवलेलाही. पाऊण इंची नळीचा बर्नर साधारण साडेपाच लिटरची पोकळी नीट तापवतो, आणि बहुतेक नमुन्यांत पोकळी तेवढीच किंवा कमी असते, म्हणून आच पुरते. पण जेटचं, म्हणजे गॅस सोडणाऱ्या तोटीचं, भोक नळीच्या मध्यावर नसलं तर ज्योत एका बाजूला झुकते आणि भट्टीचा अर्धा भाग पांढुरका, अर्धा तांबडा दिसतो. तीन स्क्रू सैल करून जेट मध्यावर आणा. भोकात तार घालून खरवडू नका; भोक थोडं मोठं झालं तरी हवेचं प्रमाण कोलमडतं. फटफट आवाज येऊन ज्योत नळीच्या आत शिरली, तर बहुधा दाब कमी पडलाय. थोडा वाढवा.

आता प्रत्यक्ष घडाई. इथे भट्टीला पैकीच्या पैकी. दहा-पंधरा मिनिटं आधी पेटवून ठेवली तर ८ मिलिमीटरचा कमानपाटा (गाडीच्या लीफ स्प्रिंगची पट्टी) चार-पाच मिनिटांत नारिंगी होतो. आठवडी बाजारात बसणारा घिसाडी कोळसा आणि हातपंख्यावर विळे-कोयते याच पाट्यांतून काढतो, पण त्याच्या नजरेला वर्षांची सवय असते. नवशिक्याचं पातं कोळशात क्षणात जळतं, फुलबाजीसारख्या ठिणग्या उडतात आणि तो तुकडा भंगारात. गॅसवर पातं सतत दिसतं आणि सहसा जळत नाही. नारिंगी असताना ठोकायचं, मंद तांबडं झालं की थांबायचं. त्याखाली ठोकलं तर चिरा पडतात. हातोडा ८०० ग्रॅम ते १ किलो पुरे. धारेची बाजू ठोकून पातळ करताना ती लांबते आणि पातं पाठीकडे केळ्यासारखं वाकतं. म्हणून उतार काढण्याआधीच पातं धारेच्या बाजूला थोडं वाकवून घ्या. ठोकताना ते आपोआप सरळ होतं. ज्योतीत हवा जास्त असली की जाड खपल्या धरतात. ऐरणीवर ठेवण्याआधी तारेच्या ब्रशने झाडा, नाहीतर त्या आत ठोकल्या जाऊन खड्डे उरतात.

पाटा घेताना जुना, गाडीखालून निघालेला घेऊ नका. त्यात डोळ्याला न दिसणाऱ्या चिरा असतात आणि त्या नेमक्या तेलात बुडवल्यावर उघडतात. कमान दुरुस्त करणाऱ्या गॅरेजात नव्या पाट्याचे कापलेले तुकडे मिळतात, बहुतेक ईएन-४५ किंवा एसयूपी-९ या स्प्रिंगच्या पोलादांचे. भट्टीबरोबर 'सुरीचं पोलाद' म्हणून फुकट येणारा तुकडा आधी तपासा: टोक लाल करून तेलात बुडवा, कानस लावा. कानस आरामात चावली तर ते साधं लोखंड आहे, खुंटी करायला ठीक.

पाणी देणं, म्हणजे पातं लाल करून तेलात बुडवून कडक करणं, ही खरी परीक्षा, आणि इथे भट्टी लंगडते. बर्नरचा झोत थेट खाली पडतो. त्याखालची पातळ धार ९०० अंशांच्या पुढे जाते तेव्हा मुठीजवळचा भाग अजून काळाच असतो. अशा पात्याची धार ठिसूळ होते. तुकडा मोडून पाहिला तर आत साखरेसारखे चकाकते कण दिसतात. व्यवस्थित पाणी दिलेल्या पात्याचा मोड राखाडी, मखमली दिसतो. उपाय स्वस्त आहे: दोन इंची चौकोनी लोखंडी पाइप भट्टीत आडवा घालायचा, पातं त्याच्या आत ठेवायचं आणि पुढे-मागे हलवत राहायचं. दिवे मालवा, दाब कमी करा. पातं ७७० अंशांच्या आसपास लोहचुंबकाला चिकटेनासं होतं. ईएन-४५ ला त्यानंतरही बरंच वर, सुमारे ८६० पर्यंत न्यावं लागतं. पोलाद १०८४ या प्रतीचं असेल तर ८१५ पुरे.

तेल शेंगदाण्याचं चालतं, ४-५ लिटर, ५०-६० अंशांना कोमट केलेलं, खोल पोलादी भांड्यात आणि शेजारी झाकण. गाडीचं जळकं ऑइल नको, त्याचा धूर विषारी असतो. पाण्यात तर मुळीच नको. बुडवताच 'टिंग' असा बारीक आवाज आला की समजा पातं गेलं. धार दीड ते दोन मिलिमीटर जाड असतानाच बुडवा, टोक खाली, आणि भाजी चिरल्यासारखं पुढे-मागे हलवा. आडवं हलवलं की पातं वाकतं. कानस घसरली की पाणी बसलं. मग ठिसूळपणा घालवायला त्याच दिवशी ओटीजीत (घरच्या विजेच्या ओव्हनमध्ये) २०० अंशांवर दोन-दोन तास, दोन वेळा. ओटीजीचा आकडा खरा मानू नका, आत वेगळा थर्मामीटर ठेवा. फिकट गवती रंग दिसला तर बरोबर, निळा दिसला तर धार मऊ झाली.

संचात येणाऱ्या बाकी वस्तूंवर फार लिहावं असं नाही. सांडशीचे जबडे बारीक असतात, सपाट पट्टी धरली की ती गरगर फिरते. बिडाची छोटी ऐरण हातोड्याखाली कुरतडली जाते. बेअरिंगची गोळी वरून सोडा, ती उसळण्याऐवजी थबकली तर ऐरण नावापुरती. त्यापेक्षा भंगारातला जाड पोलादी ठोकळा बरा. रुळाचा तुकडा घ्यायचा मोह होतो, पण पावतीशिवाय रेल्वेचा माल जवळ ठेवणं १९६६ च्या कायद्याने गुन्हा आहे.

दोन बर्नरचा नमुना घेऊ नका: गॅस दुप्पट आणि एका वेळी जेमतेम सहा इंचच ठोकता येतं. पैसे भरण्याआधी विक्रेत्याला जेटच्या भोकाचं माप आणि काट्याचा रेग्युलेटर सोबत येतो का, हे विचारा. माप सांगता आलं नाही तर तीच भट्टी गावातल्या फॅब्रिकेटरकडून करून घेणं स्वस्त पडेल, आणि जेट मध्यावर बसलाय का ते तिथेच पेटवून पाहता येईल.