लॉन्ड्री सॅनिटायझर: रोजच्या धुण्याला नको, ठरावीक कपड्यांना हवं

निरोगी घरातल्या रोजच्या धुण्यात लॉन्ड्री सॅनिटायझर, म्हणजे कपड्यांतले जंतू मारायचं द्रव, ओतायची गरज नाही. शाळेचे गणवेश, शर्ट, साड्या, चादरी यांना चांगली पावडर, भरपूर पाणी आणि सांगलीचं ऊन पुरेसं आहे. मळाबरोबर बहुतेक जंतू पाण्यातून निघून जातात आणि उरलेल्यांपैकी बरेचसे कडक उन्हात कपडा खडखडीत वाळताना मरतात. आजारपण, पुराचं पाणी लागलेले कपडे, घरातलं अंथरुणाला खिळलेलं माणूस, अशा वेळी मात्र बाटली कामाची आहे. त्यासाठी ती बरोबर वापरली पाहिजे, आणि नेमकं तिथंच बहुतेक घरांत चुकतं.

या बाटल्यांत बहुतेक वेळा बेंझाल्कोनियम क्लोराइड असतं. ते धनभारित असतं आणि आपल्या पावडरीतले फेस आणणारे घटक ऋणभारित. दोन्ही एका पाण्यात आले की एकमेकांना धरून बसतात. मग मळही नीट निघत नाही आणि जंतूही मरत नाहीत. म्हणून हे औषध साबणाच्या पाण्यात कधीच टाकायचं नाही, शेवटच्या खळबळण्याच्या पाण्यातच टाकायचं.

ऑटोमॅटिक मशीनमध्ये ते फॅब्रिक कंडिशनरच्या कप्प्यात, फुलाची खूण असते तिथं जातं. त्या कप्प्यावर मॅक्सची रेघ असते. तिच्या वर ओतलं तर कप्प्यातली नळी सगळं द्रव लगेच खाली ओढून घेते. ते पावडरीच्या पाण्यात उतरतं आणि पैसे वाया जातात. सेमी-ऑटोमॅटिक मशीन किंवा बादलीत धुणं असेल तर आधी साबणाचं पाणी काढा, कपडे एकदा खळबळून पिळा, मग स्वच्छ पाण्यात लेबलवरच्या मापानं औषध घालून कपडे पूर्ण बुडवा आणि लेबलवर सांगितलेला वेळ तसेच ठेवा. दोन मिनिटं बुचकळून काढलेल्या कपड्याला फारसा फायदा होत नाही. खळबळल्यावरही पाण्यात फेस दिसत असेल तर आणखी एक पाणी काढा, औषध त्यानंतरच.

जत, आटपाडी, कवठेमहांकाळकडच्या बोअरच्या जड पाण्यात हे औषध आणखी कमजोर पडतं. शक्य असेल तर शेवटचं पाणी तरी नळाचं किंवा साठवलेलं पावसाचं घ्या. टॉवेल, गोधडी असले जाड सुती कपडे औषध स्वतःकडे खेचून घेतात, त्यामुळं मशीन गच्च भरून चालत नाही.

बाटलीवरचा '99.9 टक्के'चा आकडा लेबलवर नाव असलेल्या जंतूंवर, प्रयोगशाळेतल्या ठरावीक परिस्थितीत तपासलेला असतो. उलट्या-जुलाब घडवणारा नोरोव्हायरस आणि बुरशीचे बीजाणू यांच्यावर या रसायनाचा भरवसा धरू नये. नायटा, गजकर्ण असलेल्या माणसाचे आतले कपडे, टॉवेल, चादर वेगळे धुवा. सुती असतील तर 60 अंशांचं पाणी हाच खरा इलाज. हीटर नसलेल्या टॉप लोड मशीनमध्ये ते जमत नाही. तेव्हा आतले सुती कपडे मोठ्या पातेल्यात उकळा, उलटे करून उन्हात घाला आणि वाळल्यावर गरम इस्त्री फिरवा. इलास्टिकचे कपडे उकळल्यानं सैल होतात, एवढं लक्षात ठेवा.

पांढऱ्या सुती चादरी, लंगोट, रुग्णाचे कपडे यांना साधा क्लोरीन ब्लीच जास्त खात्रीचा आणि स्वस्त. बाटलीवर सोडियम हायपोक्लोराइट 5 टक्के लिहिलं असेल तर 10 लिटर पाण्यात 40 मिली घाला, धुतलेले कपडे त्यात 15 मिनिटं ठेवा आणि मग दोनदा खळबळा. रंगीत कपडा, रेशीम, लोकर, स्ट्रेचेबल कापड यांना ब्लीच लावू नका. ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा टॉयलेट क्लीनर पडला तर विषारी क्लोरीन वायू सुटतो, त्यामुळं दोन्ही एका जागी वापरूच नका. ऊन-उष्णतेनं ब्लीचचा जोर उतरतो. उन्हाळाभर खिडकीत ठेवलेल्या बाटलीवर विसंबू नये.

2005, 2019 आणि 2021च्या महापुरांनी कृष्णाकाठच्या घरांना गटाराचं पाणी मिसळलेला गाळ दाखवला. असे कपडे थेट सॅनिटायझरमध्ये बुडवणं व्यर्थ आहे, कारण चिखलच औषध खाऊन टाकतो. आधी हातमोजे घालून गाळ झटका, स्वच्छ पाण्यानं दोन-तीन वेळा काढा, मग पावडर आणि गरम पाणी, आणि शेवटी सुती पांढऱ्यांना ब्लीच, रंगीतांना सॅनिटायझर.

पावसाळ्यात धुण्याला कुबट वास येतो म्हणून बाटली आणत असाल तर थांबा. तो वास कपडा बराच वेळ ओला राहिल्यानं आणि मशीनच्या रबरी कडेत साचलेल्या चिकट थरानं येतो. धुणं झाल्या झाल्या बाहेर काढा, जास्तीचं स्पिन घ्या, पंख्याखाली पसरून वाळवा. रबराची घडी उघडून पुसा, झाकण उघडं ठेवा आणि महिन्यातून एकदा मशीन रिकामं, गरम पाण्यावर चालवा. पावडर जरा कमी टाकली तरी फरक पडतो, कारण नीट न निघालेली पावडर जंतूंचं खाद्य बनते.

बाळाच्या कपड्यांना सॅनिटायझर वापरलंच तर शेवटी एक साधं पाणी काढा. त्यानं परिणाम थोडा घटतो, पण नाजूक कातडीवर औषध राहणं त्याहून वाईट. घराला सेप्टिक टँक असेल तर दररोज हे औषध किंवा ब्लीच ओतणं टाकीतल्या उपयोगी जिवाणूंना घातक ठरतं. एक छोटी बाटली आणा आणि ती आजारपणासाठी, पुरासाठी बाजूला ठेवा.