डिचोलीतील फायबर जोडणी : चौऱ्याण्णववर अडलेला आकडा

गेल्या मे महिन्यात डिचोलीतील आमच्या घरी एका खासगी कंपनीची २०० एमबीपीएसची फायबर जोडणी घेतली. चतुर्थीला मुंबईची मंडळी घरी उतरली, तेव्हा माजघरात मोबाईलवर पंधरा-वीसच्या पुढे वेग मिळत नव्हता. मदतकेंद्राला चार वेळा फोन केला आणि चारही वेळा राऊटर बंद करून पुन्हा चालू करण्याचाच सल्ला मिळाला.

शेवटी लॅपटॉप थेट राऊटरला वायरने जोडून मोजणी केली. सकाळी, दुपारी, रात्री, केव्हाही पाहावे तर आकडा ९४. बाहेरच्या लाईनवर ताण असता तर तो संध्याकाळी खाली घसरला असता. न हलणारा आकडा म्हणजे घरातच कुठेतरी १०० एमबीपीएसचा अडथळा आहे, कारण तेवढ्या क्षमतेच्या इथरनेटवर, म्हणजे वायरच्या जोडणीवर, प्रत्यक्षात साधारण चौऱ्याण्णवच हाती लागतात. गिगाबिट (१००० एमबीपीएस) वेगाला केबलमधील आठही तारा लागतात, शंभराला चार पुरतात. कंपनीच्या माणसाने, फायबर घरात जिथे येऊन संपते त्या डबीपासून राऊटरपर्यंत जोडलेल्या केबलची एक तार टोकाशी नीट बसलेली नव्हती. केबल बदलताच वेग १९०च्या वर गेला.

माजघराचे दुखणे मात्र वेगळे होते आणि त्याचा दोष कंपनीला देता येणार नाही. राऊटर बसवला बाल्कांवालगतच्या, म्हणजे पुढच्या बसायच्या ओसरीलगतच्या, खोलीत, आणि मध्ये आजोबांच्या काळातील चिऱ्याच्या दोन जाड भिंती. वाय-फायच्या ५ गिगाहर्ट्झच्या लहरी त्यांत विरतात, २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी पलीकडे पोहोचतात, पण त्यांचा वेगच मुळात कमी. माजघरापर्यंत वायर ओढून तिथे दुसरे वाय-फाय यंत्र बसवले, तेव्हा प्रश्न सुटला. वायरविना सिग्नल पुढे ढकलणारे स्वस्त रिपीटर मी आधी आणून पाहिले होते. अशा घरासाठी ते घेऊ नयेत.

पुढे एका मुसळधार पावसात डबीवरचा लाल दिवा लागू लागला, आणि लाईनमन यायला चार दिवस गेले. आलेला गृहस्थ मात्र जाणकार निघाला. त्याने मीटर लावून फायबरमधून येणाऱ्या प्रकाशाची पातळी उणे २८ डीबीएम असल्याचे दाखवले; हा उणे आकडा जितका मोठा, तितका प्रकाश क्षीण. अशा उपकरणांना सहसा उणे २७पर्यंतच नीट वाचता येते. बसवताना खिडकीच्या चौकटीशी फायबर काटकोनात मुडपून खिळ्याने दाबलेली होती, आणि अशा वळणातून प्रकाश बाहेर गळतो. पावसाचा बिचाऱ्याचा काही संबंध असलाच, तर खांबावरच्या उघड्या जोडडबीपुरता. तीही त्याने बंद करून दिली. नंतरची पातळी उणे २१.

लाईन चांगली, बसवणी निष्काळजी आणि मदतकेंद्र निरुपयोगी, असे माझे मत आहे. नवी जोडणी घेणाऱ्यांनी माणूस घरातून जाण्यापूर्वी मीटरवरचा आकडा पाहून लिहून ठेवावा आणि वेगाची मोजणी वायरवरच करून घ्यावी. मी योजना पुन्हा घेतली आहे, पण वर्षाची नव्हे, तीन महिन्यांची.