निपलचा क्रॉस की सीलबंद? पिकअपवाल्यांसाठी

गिअर टाकून क्लच सोडला की खालून 'टक्' असा आवाज, वेग धरला की सीटखाली थरथर, आणि कपाच्या कडेला तांबूस भुकटी. ही तिन्ही लक्षणं एकत्र दिसली तर प्रोपेलर शाफ्टचा (गिअरबॉक्सची ताकद मागच्या चाकांकडं नेणारा दांडा) क्रॉस संपला म्हणून समजा. क्रॉस म्हणजे शाफ्टच्या सांध्यातला अधिकच्या चिन्हासारखा तुकडा, चारही टोकांवर कप बसवलेला. ती भुकटी म्हणजे कपातल्या नीडल (सुईसारखे बारीक रोलर) ग्रीसविना गंजून घासल्याची खूण. मग कोल्हापूरच्या उद्यमनगरात दुकानदार विचारणार, निपलचा (बाहेरून ग्रीस भरायला तोंड असलेला) देऊ की सीलबंद?

निव्वळ ताकद बघितली तर सीलबंद सरस. निपलच्या क्रॉसला चारही टोकांपर्यंत ग्रीस जावं म्हणून आतून भोकं पाडलेली असतात; सीलबंद बहुतेक वेळा भरीव असतो, त्यामुळे तेवढ्याच मापात पीळ जास्त सोसतो. पण माझ्या पाहण्यात क्रॉस मोडण्यापेक्षा ग्रीसविना सुकूनच जास्त गेलेत.

आणि आपल्याकडं सुकण्याचं कारण बऱ्याचदा पाणीच. 2019 च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ हायवेवर आलं होतं. त्या पावसाळ्यात गावाकडच्या रस्त्यावर मी गाडी पाण्यातून काढली. क्रॉस सीलबंद, म्हणून निर्धास्त राहिलो. दिवाळीच्या आधी कोकणातून चिरा भरून करूळ घाट चढताना खालून पाखरासारखी चिवचिव सुरू झाली. गगनबावड्यात येऊन खाली वाकलो, तर कपाला हात लावता येईना, इतका तो तापलेला. उघडल्यावर दोन कपांत ग्रीसच्या जागी लाल पूड. सीलबंद क्रॉसमध्ये कारखान्यात भरलेलं ग्रीस तेवढंच; एकदा पाणी आत गेलं की ते बाहेर ढकलायला वाट नाही.

निपलच्या क्रॉसला ती वाट आहे. पंपानं नवं ग्रीस मारलं की जुनं ग्रीस, पाणी, चिखल सीलमधून बाहेर पडतो. मात्र चारही कपांतून नवं ग्रीस डोकावेपर्यंत मारायचं. तिघांतून आलं आणि चौथ्यातून नाही, तर तो चौथा उपाशी आहे; शाफ्ट थोडा हलवून पुन्हा मारा. लिथियमचं ईपी (जास्त दाब सोसणारं), 2 नंबरचं ग्रीस चालतं. मी दर ऑइल बदलीला मारतो, आणि गाडी पाण्यातून गेली की दुसऱ्याच दिवशी.

म्हणून घाट, शेतवाट, पावसाळा असं काम असेल आणि ग्रीस स्वतः समोर उभं राहून मारून घेत असाल, तर निपलचाच घ्या. ड्रायव्हर बदलते असतील, गाडी हायवेलाच पळत असेल आणि ग्रीसगन कुणी हातात धरणार नसेल, तर चांगल्या कंपनीचा सीलबंद बरा. निपल असून कोरडा ठेवलेला क्रॉस सगळ्यात वाईट. स्वस्तातला तर दोन्हींत नकोच. एका शाफ्टचा एक क्रॉस गेला की त्याच वयाचा दुसराही सोबत बदला.

बसवताना घाई नको. कोनात फिरणारा क्रॉस एका फेरीत दोनदा वेग कमीजास्त करतो, आणि दुसऱ्या टोकाचा क्रॉस ते फेडून काढतो. पण दोन्हीकडचे योक (क्रॉस धरणारे दुफाटे) एका रेषेत असले तरच. स्लिप योक (दातांवर मागंपुढं सरकणारा योक) एक दात जरी सरकून बसला तरी नव्या क्रॉसवर थरथर राहते. म्हणून शाफ्ट उतरवण्याआधी पंचनं खूण करा. कप हातोड्यानं ठोकू देऊ नका, प्रेसवर दाबून घ्या. निपल ग्रीसगन पोचेल अशा बाजूला आहे ना, हे आधी बघा. कप धरून ठेवणारं लॉक बसल्यावर क्रॉस हातानं चारही दिशांना फिरवा. कुठं अडकला तर आत एखादी नीडल आडवी पडली आहे. तो कप परत काढायला लावा.