आठ महिने, तेवीस शो आणि कानातली एक जोडी : फिल्टरवाल्या इअरप्लगचा वापरानंतरचा अनुभव

कॉलेजच्या मासिकात इंडी आणि हिप-हॉपचं पान मी सांभाळते. नव्या गाण्यांच्या बातम्या, कोण कधी वाजवतंय याची यादी आणि पाहिलेल्या शोंचे वृत्तांत, असं सगळं त्यात असतं. त्यामुळे महिन्याला दोन-तीन शो होतातच, कधी चारही. गेल्या ८ महिन्यांत वहीत २३ शोंच्या नोंदी आहेत आणि त्यातल्या जवळजवळ सगळ्या शोंना माझ्या कानात एकच जोडी होती. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण हा प्रकार बऱ्याच कंपन्या बनवतात आणि मला सांगायचंय ते या प्रकाराबद्दल: मऊ सिलिकॉनचा, एकावर एक तीन छत्र्या लावल्यासारख्या कडांचा आणि मधोमध बारीक फिल्टर बसवलेला प्लग.

आधी घेतला का ते सांगते. एका छोट्या हॉलमध्ये दोन एमसी (म्हणजे रॅप करणारे) आणि एक डीजे असा शो होता. नोट्स काढायच्या म्हणून मी पुढे गेले आणि नेमकी स्पीकरच्या थप्पीसमोर उभी राहिले. बाहेर पडले तेव्हा कानाला दडे बसलेले. दुसऱ्या दिवशी सकाळच्या लेक्चरला सरांचा आवाज पडद्याआडून यावा तसा येत होता आणि डाव्या कानात कुईं असा बारीक सूर चालूच. तो थांबायला तिसरा दिवस उजाडला. असं याआधीही दोनदा झालं होतं आणि दोन्ही वेळा मी ती चांगल्या शोची पावती समजले होते. या वेळी घाबरले आणि वाचायला बसले. आतल्या कानात ज्या सूक्ष्म केसपेशी असतात त्या मोठ्या आवाजाने थकतात आणि बहुतेक वेळा एक-दोन दिवसांत सावरतात. पण जी पेशी मेली ती माणसात पुन्हा उगवत नाही. ही पावती नव्हती, हे तेव्हा कळलं.

पहिल्यांदा फोमचे प्लग घेतले, कारण ते सगळीकडे मिळतात. झोपायला उत्तम आहेत. पण रॅप ऐकायला ते घालू नका, असं मी मनापासून सांगेन. फोम आवाज सारखा कमी करत नाही. वरच्या पट्टीतला आवाज तो खूप खातो आणि खालचा त्या मानाने कमी. आणि शब्द ओळखू येतात ते व्यंजनांमुळे. स, श, ट, क, फ यांची धार साधारण २००० ते ८००० हर्ट्झच्या पट्ट्यात असते, फोम नेमका तिथेच बोथट करतो. त्या रात्री दुप्पट लयीत जाणारा एक एमसी होता आणि मला त्याचे नुसते स्वर ऐकू येत होते. बीट होता, माणूस होता, पण तो काय म्हणतोय ते गायब. ज्या कलेत शब्दच सगळं आहेत तिथे याहून मोठं नुकसान नाही. चौथ्या गाण्याला मी ते काढून खिशात टाकले.

फिल्टरवाला प्लग नेमका हाच घोळ सोडवायला बनवलेला आहे. कानाची नळी स्वतःच एक छोटी बासरी असते. साधारण २७०० हर्ट्झच्या आसपासचा आवाज ती वाढवते आणि बोळा घातला की ती वाढ नाहीशी होते. एटिमॉटिक कंपनीने १९८८ साली ईआर-१५ नावाचा प्लग आणला, त्यात ती हरवलेली वाढ भरून काढायची सोय होती. त्यामुळे खालपासून वरपर्यंत सगळा आवाज जवळजवळ सारखाच, म्हणजे १५ डेसिबलने उतरायचा. तो कानाचा साचा घेऊन बनवावा लागतो. माझा तयार मापाचा आहे, तितका अचूक नाही, पण विचार तोच.

पहिल्या शोला निराशाच झाली. चार जणांचा इंडी बँड होता, दोन गिटार, बेस, ड्रम्स. पहिली दहा मिनिटं वाटलं की बँडला कुणीतरी दोन पावलं मागे सरकवलंय. काढून टाकावेत असं दोनदा मनात आलं. तिसऱ्या गाण्यापर्यंत कान रुळले आणि मग जे झालं त्यासाठी हे सगळं लिहितेय. सिंबलचा (ड्रम्सवरच्या झांजेचा) जो पांढरा फवारा एरवी गाणारीच्या आवाजावर पसरायचा, तो बाजूला झाला. दुसरी गिटार पहिलीच्या मागे काहीतरी वेगळं वाजवतेय हे कळायला लागलं. फार मोठ्या आवाजात कान स्वतःच गोंधळतो आणि आवाज फाटल्यासारखा ऐकवतो. आवाज थोडा उतरला की कान पुन्हा ऐकायच्या कामाला लागतो.

हिप-हॉपमध्ये फरक आणखी स्पष्ट झाला. एका शोमध्ये डीजेने बीट अचानक तोडला, एमसी चार ओळी नुसत्या बोलला आणि पाचव्या ओळीच्या मध्यावर बीट परत कोसळला. एरवी त्या कोसळण्यात पाचवी ओळ वाहून जायची. माझ्या जुन्या वहीत अशा जागी ‘शेवट कळला नाही’ असं लिहिलेलं सापडतं, एका पानावर तर तीनदा. त्या रात्री मी यमक कुठे बसलं ते लिहू शकले, श्वास कुठे घेतला तेही. बाहेर आल्यावर मैत्रीण विचारत होती, “अगं, तो बीट परत आला तेव्हा काय म्हणाला गं?” आणि मला सांगता आलं. वृत्तांत लिहिणाऱ्या माणसाला यापेक्षा जास्त काय हवं असतं!

बेसबद्दल सगळे विचारतात, म्हणून त्यावर जरा थांबते. रोलँडचं टीआर-८०८ हे ड्रम मशीन १९८० साली आलं. त्याच्या किकची, म्हणजे मोठ्या ड्रमच्या ठोक्याची, लांबलचक, खोल शेपूट हिप-हॉपने अशी उचलली की आज ‘एट-ओ-एट’ हे बेसचंच नाव झालंय. तो आवाज आपण नुसता कानाने ऐकत नाही, छातीत आणि तळपायातही तो जाणवतो. तिथे प्लगचा काही संबंध येत नाही. २३ शोंमध्ये एकदाही बेस कमी पडला असं वाटलं नाही. उलट किक आणि बेसलाइन वेगवेगळ्या ऐकू यायला लागल्या, एरवी दोन्ही मिळून एकच गडगडाट असायचा.

आवाजच कमी ठेवा म्हणावं, तर ते मला पटत नाही. ११ ऑगस्ट १९७३ ला न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये डीजे कूल हर्कने ज्या पार्टीत रेकॉर्ड वाजवल्या, तिथून हिप-हॉपची जन्मतारीख मोजतात. हर्क मूळचा जमैकाचा, भल्याथोरल्या साउंड सिस्टिमच्या देशातला. मोठा आवाज या संगीताच्या रक्तात आहे. तो तसाच राहावा, आपण आपल्या कानाची सोय करावी.

सोय किती होते? मी फोनवरच्या अ‍ॅपने मोजते. ते काटेकोर नसतं, पण अंदाज येतो. आतल्या शोंना आकडा बहुतेक वेळा ९८ ते १०३ डेसिबलच्या दरम्यान फिरतो. अमेरिकेतली एनआयओएसएच ही कामगारांच्या आरोग्याची संस्था ८५ डेसिबलला ८ तास ही मर्यादा धरते आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा करते. म्हणजे ८८ ला ४ तास, ९१ ला २, ९४ ला १, ९७ ला अर्धा तास आणि १०० ला फक्त १५ मिनिटं. मुख्य कलाकाराआधीचा पहिला सपोर्ट अ‍ॅक्ट संपायच्या आत दिवसाचा कोटा संपला! प्लगने खरोखर १५ डेसिबल उतरवले तर तीच १५ मिनिटं पुन्हा ८ तास होतात. मात्र पाकिटावरचा आकडा प्रयोगशाळेतला असतो. घाईत, अंधारात, घामेजल्या हाताने घातलेला प्लग तेवढं देत नाही. मी मनात १० च धरते आणि तरीही स्पीकरपासून लांब उभी राहते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली कार्यक्रमांच्या जागांसाठी मानक काढलं, त्यात १५ मिनिटांची सरासरी १०० डेसिबलच्या वर जाऊ नये, प्रेक्षकांना कानाचं संरक्षण मिळावं आणि कान निवायला शांत जागा असावी असं म्हटलंय. काही ठिकाणी दारात फोमचे प्लग ठेवलेले दिसतात. मी दोनदा डबी घरी विसरले तेव्हा तेच वापरले. शब्द गेले, कान वाचले.

घालायची रीत शिकायला मला महिना लागला आणि बहुतेक लोक इथेच कंटाळून सोडून देतात. डोक्यावरून पलीकडचा हात नेऊन कानाचा वरचा भाग वर आणि मागे ओढायचा, म्हणजे नळी सरळ होते, मग प्लग किंचित फिरवत आत सरकवायचा. माझी डावी नळी बारीक आहे, त्यामुळे डावीकडे छोटं माप आणि उजवीकडे मोठं. हे कळेपर्यंत डावा प्लग दर दोन गाण्यांनी सैल व्हायचा आणि मी प्लगलाच दोष देत होते. आताही ओरडून गायलं की जबड्याच्या हालचालीने तो सुटतो, म्हणून अर्ध्या तासाने बोटाने दाबून बघते.

खटकणाऱ्या गोष्टी आहेत. स्वतःचा आवाज डोक्यात घुमतो. सगळा हॉल एकत्र गात असतो तेव्हा मला माझाच आवाज जास्त ऐकू येतो आणि समूहात मिसळल्याची ती भावना थोडी हरवते. याची सवय झाली म्हणणार नाही, अजूनही चुकल्यासारखं वाटतं. दोन गाण्यांच्या मध्ये बोलायला एक कान मोकळा केला आणि तेवढ्यात ड्रमरने सुरुवात केली, असं एकदा झालं. तेव्हापासून बोलायचं असेल तर बाहेर जाऊन बोलते. सहाव्या महिन्यात एका प्लगचा फिल्टर निसटून अंधारात पडला. कंपनीला लिहिलं, दोन आठवडे काही उत्तर नाही, मग सुटे फिल्टर आले. मधले दोन शो मी मागच्या भिंतीला पाठ लावून पाहिले. कानातला मळ कडांवर बसतोच, तेव्हा फिल्टर काढून कोमट पाण्यात साबणाने धुवायचे आणि पूर्ण वाळवायचे. सिलिकॉन आता पिवळसर पडलंय, पकड अजून चांगली आहे.

गिटार घेऊन एकटा गाणारा कलाकार आणि समोर तीस माणसं, अशा ठिकाणी हे लागत नाहीत, मी घालतही नाही. बँडमध्ये स्वतः ड्रम्स वाजवत असाल तर यापेक्षा जास्त डेसिबलचा फिल्टर बघा. आणि कानातला सूर दोन-तीन दिवसांत गेला नाही तर थेट कानाच्या डॉक्टरांकडे जा. तो आजार प्लगने बरा होत नाही. रॅपर विल.आय.अ‍ॅम आणि कोल्डप्ले बँडचा गायक क्रिस मार्टिन, दोघांनीही आपल्या टिनिटसबद्दल, म्हणजे कानात वाजत राहणाऱ्या सुराबद्दल, उघडपणे सांगितलंय.

या ८ महिन्यांत दुसऱ्या दिवशी कान वाजलेत असं फक्त एकदा झालं, तेही त्या मोकळ्या केलेल्या कानामुळे. लेक्चर चुकलं नाही. शोनंतर कलाकारांशी बोलताना उत्तरं पुन्हा पुन्हा विचारावी लागत नाहीत. मासिकातल्या शोंच्या यादीत आता मी जागेच्या नावाखाली एक ओळ घालते: स्पीकर कुठे आहेत, दारात फोम मिळतो का, श्वास घ्यायला शांत कोपरा आहे का. पहिल्या वर्षाची मुलं येऊन त्या ओळीबद्दल विचारतात, बँडबद्दल नंतर.

गेल्या आठवड्यात आणखी एक जोडी घेतली, आमच्या पानासाठी फोटो काढणाऱ्या मैत्रिणीसाठी. ती सगळाच्या सगळा शो स्टेजच्या अगदी खाली, सबवूफरला (बेसच्या मोठ्या स्पीकरला) जवळजवळ टेकून उभी असते. लायब्ररीबाहेरच्या पायरीवर बसवून तिला घालायला शिकवलं. तिचा उजवा कान बारीक निघाला.