कानाचं मशीन: आठ महिन्यांनंतर

दोन्ही कानांत मशीन घालायला लागून आठ महिने झाले. घेण्याआधी मी लोकांचे जे अनुभव वाचले ते बहुतेक पहिल्या आठवड्यातले होते. मीही पहिल्या आठवड्यात लिहायला बसलो असतो, तर ‘घेऊ नका’ एवढंच लिहून मोकळा झालो असतो. म्हणून मुद्दाम थांबलो.

आधी मी कुठे होतो ते सांगतो. मला ऐकू येत नव्हतं असं नाही. आवाज येत होता, शब्द येत नव्हते. चाचणीचा आलेख बघितला तेव्हा कोडं सुटलं: १००० हर्ट्झपर्यंत (हर्ट्झ म्हणजे आवाजाच्या पट्टीचं माप) रेघ बऱ्यापैकी सरळ आणि पुढे घसरगुंडी. ४००० हर्ट्झला ६५ डेसिबल, म्हणजे त्या पट्टीतला आवाज तेवढा मोठा असल्याशिवाय मला ऐकूच येत नाही. वयाबरोबर येणारा बहिरेपणा असाच वरच्या पट्टीपासून सुरू होतो, आणि स, श, फ, थ, च ही मंडळी राहतात नेमकी त्याच मजल्यांवर. स्वर मात्र खालच्या पट्टीत, ते शाबूत. म्हणजे वाक्याचा सांगाडा ऐकू यायचा, सांधे नाहीत. हिला मी दोन वर्षं सांगत होतो, “तू हल्ली पुटपुटतेस.” ती पुटपुटत नव्हती.

त्यात मोठं शहर. बसचं इंजिन, एसीची घरघर, रस्त्याची अखंड गाज हे सगळं खर्जातलं, आणि माणसांची व्यंजनं तारसप्तकात. उरलंसुरलंही त्या खर्जात बुडून जातं. नोकरीत असताना हे लपलं होतं, कारण तिथे समोरचा काय बोलणार ते निम्मं आधीच माहीत असतं. निवृत्तीनंतर अनोळखी माणसं अनोळखी गोष्टी बोलतात. मग मी मान डोलवायला शिकलो. “हो का?”, “वा!” आणि “चालायचंच” एवढ्या भांडवलावर दिवस निघतो, खोटं नाही सांगत.

माझं मशीन कानामागे बसणारं आहे. तिथून बारीक तार कानाच्या नळीत जाते आणि तिच्या टोकाला इवलासा स्पीकर. बॅटरी ३१२ नंबरची, तपकिरी स्टिकरवाली. चार्जिंगवालं मुद्दाम घेतलं नाही, रात्री लावायला विसरेन म्हणून. चुकलं. वाटाण्याएवढी ती बॅटरी जमिनीवर पडली की शोधायला दुसरं माणूस लागतं. ज्यांची बोटं थरथरतात त्यांनी सरळ चार्जिंगवालं घ्यावं. आणि एक युक्ती, जी मला दोन महिन्यांनी कळली: स्टिकर काढल्यावर बॅटरी लगेच आत घालायची नाही, मिनिटभर उघडी ठेवायची. ती हवेवर चालते, हवा आत शिरायला वेळ द्यावा लागतो. एक जोडी मला पाचसहा दिवस पुरते.

पहिल्या दिवशी घराबाहेर पडलो आणि दचकलो. माझ्याच चपलांचा आवाज माझ्या मागे येत होता. वर्तमानपत्राचं पान उलटलं तर पत्रा वाजल्यासारखं वाटलं. स्वतःचा आवाज पिंपातून. बसमध्ये कुणीतरी किल्ल्या वाजवत होता, त्याच्या हातातून त्या काढून घ्याव्यात असं फार वाटलं. कान तपासून मशीन बसवणाऱ्या ऑडिओलॉजिस्टबाईंनी सांगितलं होतं की कान नाही, मेंदू शिकतो, आणि त्याला आठवडे लागतात. त्यांनी सुरुवातीला आवाज मुद्दाम कमी ठेवला आणि पहिल्या दोन महिन्यांत चारदा बोलावून हळूहळू वाढवला. या चार फेऱ्या म्हणजेच मशीन. कानात बारीक नळी घालून पडद्याजवळ प्रत्यक्ष किती आवाज पोचतो ते मोजतात, ती तपासणी करवून घ्याच. मशीन हातात ठेवून ‘या आता’ म्हणणाऱ्याकडून घेऊ नका, कितीही सवलत देऊ दे.

साधारण सहाव्या आठवड्यात किल्ल्या मागे सरल्या आणि माणसं पुढे आली.

आमच्या लिफ्टमध्ये रोज सकाळी एक बाई भेटतात. त्या काहीतरी म्हणायच्या, मी हसून “तुम्हालाही!” म्हणायचो. शुभेच्छा देत असणार अशी माझी समजूत. मशीन घातल्यावर पहिल्यांदा नीट ऐकलं. त्या विचारत होत्या, “कितवा?” वर्षभर त्यांनी मजला विचारला आणि वर्षभर मी त्यांना शुभेच्छा दिल्या. त्या बिचाऱ्या अंदाजाने चारचं बटण दाबत होत्या आणि बरोबर दाबत होत्या. आता मी “चौथा” म्हणतो. त्या दिवशी त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटलं त्याला मी आश्चर्य म्हणणार नाही, निराशा म्हणेन.

आता तक्रारी. गोंगाटात मशीन जादू करत नाही. दोन मायक्रोफोन असतात, समोरचा आवाज उचलून मागचा दाबतात. पण समोरचा हातभर अंतरावर असला तर. अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलने पडतो, तिथे मशीन तरी काय करणार? स्टेशनवरच्या घोषणा पूर्वी कळत नव्हत्या, आता मोठ्याने कळत नाहीत. वारा सुटला की कानात वादळ. चष्म्याची काडी आणि मशीन एकाच जागेसाठी भांडतात. टोपी काढताना एकदा डावं मशीन उडालं आणि फुटपाथवर मी ओणवा झालो. दोन कॉलेजची पोरं थांबून शोधायला लागली, त्यांतल्या एकाने बुटाने तुडवण्याआधी अर्ध्या इंचावर ते पाहिलं.

पाचव्या महिन्यात उजवं बंद पडलं. बॅटरी बदलली, तरी ढिम्म. दुरुस्तीला पाठवावं लागणार या धास्तीने गेलो, तर स्पीकरच्या तोंडावरची मोहरीएवढी जाळी मळाने बुजली होती. बदलायला एक मिनिट. हे घेताना कुणी शिकवलं नव्हतं. आता जाळ्यांचं पाकीट घरात असतं, आणि रात्री मशीन ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या डबीत झोपतं.

आणखी एक, हे मशीनबद्दल नाही. कानामागे काही दिसलं की लोक ओरडायला लागतात. काउंटरवरचा तरुण तर काचेला तोंड लावून ओरडतो. ओरडल्याने स्वर मोठे होतात, व्यंजनं जिथल्या तिथे राहतात, शिवाय असल्या कानांना मोठा आवाज लवकर बोचतो. समोर बघून, जरा सावकाश बोललं की पुरतं. हे त्याला मी सांगितलं. त्याने ते ओरडून मान्य केलं.

मुलाने कुठूनसं पाठवलं होतं की मशीन घातलं की स्मृतिभ्रंश टळतो. इतकं सोपं नाही. २०२३ मध्ये आलेल्या अमेरिकेतल्या चाचणीत ७० ते ८४ वयाची ९७७ माणसं होती. तीन वर्षांनी सगळ्यांचा मिळून फरक दिसला नाही, मात्र ज्यांना आधीच जास्त धोका होता त्यांच्या गटात बुद्धीची घसरण ४८ टक्क्यांनी कमी दिसली. मी कोणत्या गटात ते मला विचारू नका. मी शब्दांसाठी घेतलं, स्मृतीसाठी नाही.

बागेतल्या बाकाबद्दल सांगायचं राहिलं. तिथे माझे एक स्नेही आहेत, दोन वर्षांपासूनचे. संध्याकाळी तासभर बसतो, गप्पा होतात, कधी वादावादी म्हणून नाही. इतका समजूतदार माणूस आयुष्यात भेटला नाही असं मी घरी सांगायचो. मशीन घातल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्यांना विचारलं, “गुडघा कसा आहे?” ते म्हणाले, “हो ना, परवाच आली.” मला वाटलं मशीनचा दोष. पुन्हा विचारलं, तर ते प्रसन्न हसले आणि म्हणाले, “चालायचंच.”

तेव्हा कळलं, त्यांचंही भांडवल तेच आहे. दोन वर्षं आम्ही दोघं एकमेकांना मान डोलवत होतो.

मध्यंतरी प्रयोग केला. जागा बदलून त्यांच्या उजव्या बाजूला बसलो, तो कान बरा दिसतो. तोंडासमोर बघून, सावकाश बोललो. पहिल्यांदा प्रश्नाला धरून उत्तर आलं आणि कळलं की परवा जी आली ती त्यांची नात, शिकायला, आणि घरात ती फोनमध्ये डोकं घालून बोलते म्हणून त्यांना तिचं काहीच कळत नाही. ‘हल्लीची मुलं पुटपुटतात’ असं त्यांचं मत. मी माझं मशीन काढून दाखवलं. त्यांनी ते तळहातावर घेतलं, उलटसुलट केलं, हातात ते कुईं करून वाजलं तसं घाईने परत दिलं. म्हणाले, “मला कशाला, मला येतं ऐकू.”

पुढच्या आठवड्यात माझी नेहमीची तपासणी आहे. काल निघता निघता, गडबडीत त्यांच्या डाव्या बाजूने, मी विचारलं, “बुधवारी येता का माझ्याबरोबर, नुसती चाचणी करून बघायला?”

त्यांनी मान वर करून आभाळाकडे पाहिलं, थोडा विचार केला आणि म्हणाले, “नाही हो, आज काही पडत नाही.”