रेडिमेड कंपाउंड अन् रेलिंग किट: आपल्या खान्देशात कुठे काय लावायचं

प्लॉट असो की वावर, सध्या जो तो रेडिमेड कंपाउंडचं कोटेशन मागतोय. कोटेशन येतं रनिंग फुटाच्या भावात, मग तीन कागद शेजारी ठेवून आपण सगळ्यात कमी आकड्यावर बोट ठेवतो. भाऊ, भाव नंतर बघा, आधी बांधावर एक खड्डा खणून बघा. खाली काळी लागते की मुरूम, त्यावर अर्धा निर्णय तिथेच होऊन जातो.

रावेर, यावल, चोपड्याकडची तापीकाठची काळी जमीन मे महिन्यात इतकी फाटते की भेगेत हात जातो, अन् पाऊस पडला की तीच माती फुगते. दीड फुटावर रोवलेला खांब फुगताना वर ढकलला जातो, आटताना मोकळा पडतो, काही पावसाळ्यांत रांग वाकडी. साक्री-नंदुरबारच्या डोंगराकडे मुरूम लवकर लागतो, तिथे दीड-दोन फूट पुरतं पण प्रत्येक खड्ड्याला ब्रेकर लावायची वेळ येते, म्हणजे तिथे जितके खांब कमी तितकी मजुरी कमी.

आता प्रकार बघू. सिमेंटचं प्रीकास्ट कंपाउंड म्हणजे खाच असलेले खांब अन् त्या खाचेत वरून सरकवायच्या प्लेटा. जोडायला सोपं आहे हे खरंच, वीट नाही, प्लॅस्टर नाही, पाणी मारणं नाही, छोट्या प्लॉटला एक-दोन दिवसांत काम उभं. पण ७ फूट लांब, १ फूट उंच, २ इंच जाड प्लेट ७५ किलोच्या वरच जाते, ती दोघांनी उचलून खांबाच्या डोक्यावर नेऊन सोडायची असते, त्यामुळे 'घरीच बसवा' वगैरे या मालाला लागू नाही, सरावाची टीमच पाहिजे. वावरात असेल तर बांधापर्यंत ट्रॅक्टर जातो का तेही बघा. आणखी एक, ही भरीव भिंत आहे, वारा अडवते अन् पाणीही अडवते. उताराच्या बाजूला खालच्या प्लेटेत पाणी जायला भोकं ठेवली नाहीत तर पावसाळ्यात सगळं पाणी भिंतीशी तुंबतं, अन् तीच काळी माती मुळाशी भिजत राहते.

चेनलिंक जाळी, म्हणजे तारा एकमेकींत गुंफलेली जाळी, मात्र वारा जाऊ देते, उतारावर जमिनीबरोबर चालते, वजनाला हलकी. मे-जूनच्या वादळात केळीचे बाग कसे आडवे होतात ते रावेर-यावलवाल्यांना सांगायला नको, तिथे वावराला मी डोळे झाकून जाळीच म्हणेन. फक्त त्या जाळीला नंतर ग्रीन नेट बांधू नका. नेट बांधली की जाळी जाळी राहत नाही, सगळा वारा अंगावर घेते अन् खांब वाकतात. वारा अडवायचाच असेल तर आतून शेवरी किंवा गजराज गवत लावा.

जाळी घेताना गेज विचारा. ८ गेजची तार ४ मिमीची, १० गेजची सव्वातीन, १२ गेजची अडीचच्या थोडी वर, म्हणजे आकडा वाढला की तार बारीक होते, अन् स्वस्त कोटेशनमध्ये बहुतेक वेळा हेच लपलेलं असतं. रानडुक्कर जाळी उडी मारून ओलांडत नाही, खालून थोबाड घालून उचलतं, म्हणून जाळी फूटभर जमिनीत गाडा नाहीतर तळाला तार ओढून खुंट्या ठोका. रोहीसाठी (नीलगायीसाठी) मात्र उंची लागते, ५ फुटाची जाळी त्याला काहीच नाही.

तिसरा प्रकार वेल्डमेश पॅनल, म्हणजे तारा वेल्ड करून केलेली ताठ चौकट, खरं किट म्हणावं ते हेच. भोकं पाडून आलेले खांब, क्लॅम्प, बोल्ट, पाना घेऊन दोन माणसं निवांत बसवतात, प्लॉटला अन् शाळेला दिसायलाही छान. इथे एकच प्रश्न विचारायचा, भोकं आधी पाडली की झिंक आधी चढवलं? पाइप कापून, वेल्डिंग करून, भोकं पाडून मग अख्खा हॉट डिप केलेला, म्हणजे वितळलेल्या झिंकात बुडवलेला असेल तर गंज लवकर धरत नाही. आधीच झिंक चढवलेला तयार जीआय पाइप आणून साइटवर कापला-वेल्ड केला तर झिंक जळतं अन् बरोबर त्याच जॉइंटला गंज सुरू होतो, वरून कितीही सिल्व्हर रंग मारा. पॅनलची उणी बाजू म्हणजे उतार, पॅनल सरळच असतं त्यामुळे पायऱ्या-पायऱ्यांनी उतरवावं लागतं अन् खाली त्रिकोणी फटी राहतात, त्यातून कुत्रं सहज येतं.

काटेरी तार सगळ्यात स्वस्त, गुरांपुरती ठीक. झटका मशीन, म्हणजे तारेत थांबून थांबून बारीक झटका सोडणारं यंत्र, डुकरांना चालतं, पण तारेखालचं गवत काढत राहावं लागतं, अन् तारेत डायरेक्ट लाइनचा करंट सोडणं हा गुन्हा आहे, माणसं मरतात, तो विचारच नको.

आता खड्डा, कारण कोणतंही किट घेतलं तरी हा भाग किटमध्ये येत नाही. काळ्या मातीत ३ फुटाच्या आसपास जा, मुरूम लागला तर उत्तम. मजूर खणतात तो खड्डा वर रुंद अन् खाली निमुळता होतो, गाजरासारखा, अन् त्याच आकाराचं काँक्रीट माती फुगली की सहज वर सरकतं. उलटं पाहिजे, खाली बूड मोठं, वर बारीक. रुरकीच्या सीबीआरआयने (केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने) काळ्या मातीसाठी अंडर-रीम पाइल, म्हणजे बुडाशी फुगीर काँक्रीटचे पाये काढले त्यांचं तत्त्वही हेच, बुडाचा फुगवटा खांबाला धरून ठेवतो. कोपऱ्याच्या खांबांना दोन्ही बाजूंनी तिरपा सपोर्ट द्या, जाळीचा सगळा ताण तिथेच येतो. अन् काँक्रीट भरल्यावर निदान आठवडाभर जाळी ओढू देऊ नका, कॉन्ट्रॅक्टर दुसऱ्याच दिवशी ओढायला बघतो.

हिशेब लावताना एकराचा आकडा फसवतो. एक एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट, चौकोनी असेल तर घेर साधारण ८३५ फूट, पण तेच वावर १०० फूट रुंदीची पट्टी असेल तर घेर १,०७० फुटांवर जातो. ८ फुटावर खांब धरला तर चौकोनाला १०५ च्या आसपास, पट्टीला १३५. अन् ऑर्डर द्यायच्या आधी सरकारी मोजणी करून घ्या, शेजारच्या नानांशी कितीही गोडी असली तरी.

गच्ची-जिन्याच्या रेलिंग किटचं गणित वेगळं. तिथे गुरं अडवायची नाहीत, लेकरं अडवायची आहेत. उंची १ मीटरपेक्षा कमी अजिबात नको, साडेतीन फूट ठेवा. उभ्या पाइपांमधली फट ४ इंचाच्या आत. आडव्या पाइपांची डिझाइन दिसते भारी पण लहान पोरांना ती शिडीच होते, घरात लेकरू असेल तर उभीच घ्या.

मटेरियलमध्ये खरी तुलना ३०४ अन् २०२ स्टीलची. दुकानदार मॅग्नेट लावून दाखवतो, चिकटलं नाही म्हणजे ३०४. पण २०२ लाही मॅग्नेट सहसा चिकटत नाही, त्यामुळे या टेस्टवर ३०४ चे पैसे देऊ नका. २०२ मध्ये निकेल कमी अन् मँगनीज जास्त, ते ओळखायला थेंब टाकून बॅटरी लावायची टेस्ट किट मिळते, ती समोर करून मागा अन् बिलावर ग्रेड लिहून घ्या. आतल्या जिन्याला २०२ चालतं, उघड्या गच्चीला ३०४. जाडी १६ गेज म्हणजे १.६ मिमी, २० गेज जेमतेम ०.९, तो हाताने दाबला तरी लवतो. पीव्हीसीचं किट सगळ्यात सोपं जुळतं, पण आपल्याकडच्या ४५ डिग्रीच्या उन्हात ते काही वर्षांत ठिसूळ होतं, गच्चीच्या कडेला तर नकोच.

शेवटी बेसप्लेट, म्हणजे रेलिंगच्या खांबाच्या तळाची पट्टी. ती बसवायचा अँकर फास्टनर, म्हणजे भोकात आवळला की फुगून धरणारा बोल्ट, काँक्रीटमध्ये धरतो, विटेच्या कठड्यात धरत नाही, वीट फुटते नाहीतर नुसतं भोक मोठं होतं. कठडा विटेचा असेल तर आधी वर आरसीसी कोपिंग, म्हणजे सळ्या घातलेला काँक्रीटचा थर भरून घ्या, अन् फास्टनर कोपिंगच्या अगदी कडेला न मारता मधोमध मारा. बसवून झालं की मिस्तरी जायच्या आत प्रत्येक खांब दोन्ही हातांनी धरून जोरात बाहेरच्या बाजूला ढकलून बघा, जो हलेल तो त्याच्याकडून तिथल्या तिथे पुन्हा बसवून घ्या.